लिथियमची लाल रेघ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. ज्यांच्यासोबत रोज संध्याकाळी टपरीवर चहा घेतो, त्यांनाही यातलं काही ठाऊक नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तोंडानं सांगायची हिंमत अजूनही होत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी शिकलेला माणूस आहे. हे आधी सांगतो, कारण ते आधी सांगायची मला सवय आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सावली तालुक्यातलं धानाचं गाव, आईबाप दोघंही दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला जाणारे. लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे बी.एस्सी. छापून घेतलं होतं, जाड अक्षरात. हसू नका. आमच्या वस्तीत ते हसण्यासारखं नव्हतं, आजही नाही. आज मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. लोक रस्त्यात थांबून ‘सर’ म्हणतात. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या माझ्या जुन्या कॉलेजनं प्रयोगशाळेतली जुनी उपकरणं मांडून ठेवली होती, शाळेच्या पोरांना बघायला. माजी विद्यार्थी म्हणून मला बोलावलं आणि एका टेबलामागे उभं केलं. टेबलावर तो होता. पितळेचा स्पेक्ट्रोस्कोप. काळ्या बिडाच्या पायावर तीन नळ्या, मधोमध तीन बाजूंचा काचेचा लोलक. एका नळीच्या टोकाला बारीक फट असते, तिच्यातून उजेड आत येतो. लोलकात तो फुटतो, आणि दुसऱ्या नळीला डोळा लावला की त्याचे रंग ओळीनं पसरलेले दिसतात. तिसऱ्या नळीत आकड्यांची इवलीशी पट्टी. तिच्यामागे दिवा लावला की ते आकडे थेट रंगांवर येऊन बसतात, आणि कोणता रंग कितव्या आकड्यावर पडला ते नुसतं वाचायचं. इंग्रजांच्या काळातला आहे म्हणायचे. बनवणाऱ्याचं नाव पॉलिश करून करून पार पुसून गेलेलं.

त्याच्यासमोर बर्नर पेटवायचा आणि ज्योतीत कोणतंही मीठ धरायचं. दर धातूची आपली रेघ उमटते. सोडियमची पिवळी. लिथियमची लाल. जुन्या लोकांनी असल्याच यंत्रातून सूर्यावर काय काय आहे ते ओळखलं — हे मी पोरांना सांगत होतो, आणि चांगलं सांगत होतो. पोरं रांगेनं येत होती. मी म्हणायचो, ‘दिसली का लाल रेघ? कशी ठसठशीत आहे की नाही?’ एक मुलगी डोळा लावून ओरडलीच — ‘सर, काय मस्त हाये जी!’ मी म्हणालो, ‘हो ना.’

ती रेघ मी जन्मात कधी पाहिलेली नाही.

मला लाल दिसत नाही. म्हणजे — कसं सांगू? तुम्हाला जिथं लाल दिसतं, तिथं मला काळपट, मातकट काहीतरी दिसतं, आणि हिरव्याजवळ असलं की त्यातच मिसळून जातं. उजेडाचा पट्टा तुमच्यासाठी जिथं संपतो, त्याच्या बराच आधी माझ्यासाठी संपतो. पुढे अंधार. पण हा काही माझा गुन्हा नाही. डोळा जन्मानं मिळतो, त्यात माझं काय? गुन्हा पुढे आहे. जरा थांबा. मला तिथवर सरळ चालत जाता येत नाही.

लहानपणी धानाची कापणी आटोपली की आमच्या वस्तीतली माणसं नदीपलीकडे तेलुगू मुलखात मिरची तोडायला जायची. मी आईसोबत जायचो. लाल तेवढी तोडायची, हिरवी झाडाला राहू द्यायची. एवढं साधं काम. माझ्या टोपलीत हिरव्या निघायच्या. मुकादम सगळ्यांसमोर टोपली उपडी करायचा आणि आईवर ओरडायचा, आणि आई माझ्यावर — ‘लक्ष कुठी राह्यते बे तुह्यं? आंधळा हायेस का?’ मी आंधळा नव्हतो. मग मी हातानं ओळखायला शिकलो. पिकलेली मऊ लागते, हिरवी टणक. माझा हात इतरांपेक्षा मंद चालायचा, पण टोपली कोणी उपडी करत नव्हतं.

आणि मामा होता. रेल्वेत लागता लागता डोळ्यांच्या तपासणीत परत पाठवलेला. गावानं त्याचं नाव ‘अंधाऱ्या’ पाडलं. सुईत दोरा ओवायचा तो, तरी अंधाऱ्याच. ‘काय अंधाऱ्याभाऊ, मले वळखलं का?’ — अशी चेष्टा मी लहानपणापासून ऐकलेली. तेव्हाच ठरवलं होतं, माझं हे कोणाला कळू द्यायचं नाही. कॉलेजात सायन्स घेतलं तेव्हा वाटायचं, कळलं तर वर्गातून उठवतील. उठवलं नसतं, हे आता कळतं. तेव्हा कोणाला विचारणार होतो?

मैनीला मात्र कळलं.

मैनी माझी प्रयोगशाळेतली जोडीदार. भामरागडच्याही पलीकडच्या गावची, माडिया आदिवासी, मुलींच्या हॉस्टेलात राहायची. आमचे रोल नंबर शेजारी आले म्हणून जोडी लागली. वर्गातली पोरं म्हणाली, ‘का बे, तुले तं जंगलच भेटलं पार्टनर म्हणून!’ मी हसलो. तेही लिहून ठेवतो — मी हसलो होतो.

पहिल्याच प्रयोगात नुसत्या बल्बच्या उजेडाचा पट्टा पाहायचा होता, कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो. मी आकडा सांगितला. तिनं डोळा लावला.

‘अजून हाये ना पुढे.’

‘काई नाई तिथी. अंधार हाये.’

‘अंधार कुठी? लाल हाये. लय हाये.’

मी चिडलो, तिलाच पाहता येत नाही म्हणालो. ती वाद घालणारी नव्हती. पण काही दिवसांनी बर्नरची नळी जोडता जोडता हळूच म्हणाली, ‘तुले लाल नाई दिसत ना?’

मी म्हणालो, ‘कोणाले सांगू नको.’

‘काऊन सांगू?’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ‘आमच्या गावात एका म्हाताऱ्याले नाई दिसत. पण मधाचं पोळं सगळ्यात आंधी त्यालेच दिसते.’

बस, एवढंच. पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही. आमची एक रीत पडून गेली. ती पाहायची, मी लिहायचो. ती आयपीसला डोळा लावून रंग आणि आकडा सांगायची, मी गणित करायचो, आलेख काढायचो, आणि तोंडी प्रश्नांची उत्तरं तिच्याकडून घोकून घ्यायचो. तिचं मराठी तुटक होतं. घरी माडिया बोलणारी ती, चारचौघांत प्रश्न विचारला की शब्द शोधत थांबायची, आणि ते थांबणं बघून लोकांना वाटायचं की हिला येत नाही. येत होतं. मला माहीत होतं ना — रोज शेजारी उभा होतो मी.

आणि असं वाटणं काय असतं, हेही मला माहीत होतं. शाळेत एकदा गणितात माझा पहिला नंबर आला, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, ‘कोणाचं पाहून लिहिलं रे?’ त्यांनी दुसऱ्या कोणाला ते विचारलं नव्हतं. काऊन विचारलं नव्हतं, ते तुम्हाला समजलं असेल. तो प्रश्न मी विसरलेलो नाही. मग तोच दगड मी उचलून दुसऱ्यावर कसा टाकला? उत्तर द्यायला मी हे लिहीत नाही.

आता ते.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आलेले. जोडी नाही, ज्यानं त्यानं एकट्यानं करायचं. मला हाच पितळी स्पेक्ट्रोस्कोप आला, आणि काचेच्या वाटीत चिमूटभर पांढरं मीठ — यात कोणता धातू आहे ते ओळखा. मैनीला शेजारच्या टेबलावर दुसरं यंत्र आणि दुसरं मीठ.

मी मीठ ज्योतीत धरलं, डोळा लावला. पिवळी रेघ. ती असतेच, बोटाच्या घामातसुद्धा सोडियम असतं. बाकी काळोख. पुन्हा धरलं. काळोख. आकड्यांची पट्टी स्वच्छ दिसत होती — सगळे आकडे ओळीनं, आणि त्यांच्याखाली काही नाही. नुसतं पिवळं लिहावं, तर आमचे सर असलं सोपं मीठ देणारे नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी आईनं गावभर सांगून ठेवलं होतं, माझा पोरगा आता पास होते म्हणून.

मी मैनीकडे पाहिलं आणि खूण केली. मी केली. ती आपणहून आली नाही. तिचं मीठ ओळखून झालं होतं, ती निवांत होती. आली, वाकली, आयपीसला डोळा लावला.

‘लाल हाये. एकच. लिथियम.’ आणि आकडा सांगितला.

तेवढ्यात परीक्षक मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मला विचारलं, ही तुझ्या टेबलापाशी काय करते आहे? आणि मी म्हणालो —

‘सर, हिला जमत नाही. मला विचारायला आली होती.’

हे वाक्य मी लिहिलं आणि पेन ठेवून अंगणात जाऊन आलो. इतकं छोटं वाक्य आहे.

मैनीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. परीक्षकांनी तिला विचारलं, ‘कुठली तू?’ तिनं गाव सांगितलं. ‘अच्छा,’ ते म्हणाले. त्या एका अच्छामध्ये सगळं आलं. त्यांनी माझ्या बोलण्याची शहानिशा केली नाही, तिला एक प्रश्न विचारून पाहिला नाही. आणि ते तसंच करतील, हे मला बोलायच्या आधीच माहीत होतं. शरम खरी तिथं आहे. मी घाबरून काहीतरी बरळलो नाही. जे पटेल तेच बोललो.

तिला बाहेर काढलं. तिचा पेपर तिथंच थांबला. मी माझ्या पेपरवर लिहिलं — लिथियम. नंतर परीक्षकांनी मला तोंडी विचारलं, ‘रेघ कशी दिसली?’ मी म्हणालो, ‘गडद लाल, सर. एकच.’ ‘शाबास,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाच्या सरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. भला माणूस. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, ‘हे बघ, मैनी स्पेक्ट्रोस्कोपवर चांगली आहे. मी स्वतः पाहिलं आहे. ती तुझ्याजवळ कशाला येईल विचारायला? खरं काय ते सांग, मी परीक्षकांशी बोलतो. ते आज दुपारपर्यंत आहेत.’

आणखी काय पाहिजे होतं? दार लोटलेलं. समोर आपला माणूस. दुपारपर्यंत वेळ. मी म्हणालो, ‘नाही सर, तिला जमतच नव्हतं. वर्षभर मीच सांभाळून घेतलं.’

सर दार उघडून म्हणाले, ‘जा.’

मैनी प्रात्यक्षिकात नापास झाली. नापास झालं की हॉस्टेलची जागा जाते, तशी तिची गेली. निकाल लागला तेव्हा ती गावी होती, आणि पावसाळ्यात तिकडचे नदीनाले भरले की रस्ता बंद होतो. पुन्हा परीक्षेला बसायचा अर्ज भरायची मुदत कधी संपते, ते मला माहीत होतं. कॉलेजच्या फलकासमोर उभा राहून मी ते वाचलं होतं. भामरागडला जाणाऱ्या एखाद्या माणसाजवळ निरोप देता आला असता. हॉस्टेलातल्या तिच्या मैत्रिणींना सांगता आलं असतं. मी वाचलं आणि बाजूला झालो. मनात काय होतं? ती परत आली तर तोंड दाखवावं लागेल, हे होतं. ती न आलेली बरी — हे होतं. लिहूनच टाकतो.

माझा सत्कार गावच्या विहारात झाला. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मला उभं केलं, हार घातला. बाप मागच्या रांगेत बसला होता, त्याला पुढे ये म्हटलं तरी येईना. सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यातलं चौथं. लहानपणापासून पाठ आहे. त्या दिवशी चौथ्याला मी नुसते ओठ हलवले. आणि मग भाषण केलं — काय बोललो असेन? शिका, म्हणालो. कष्टाला फळ आहे, म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची म्हातारी रडली.

पुढे बऱ्याच वर्षांनी निवडणुकीच्या ड्युटीवर माझी पाठवणी भामरागडच्या बाजूला झाली. मतदानाच्या खोलीत मी बोटाला शाई लावायला बसलो होतो. समोर एक हात आला, मी शाई लावली, वर पाहिलं. मैनी. केस थोडे पांढरे झालेले. तिनं मला आधीच ओळखलं होतं.

‘सर झाला म्हणे तू.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘आता कोण पाहते तुह्यासाठी?’

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. घरी सगळे बरे आहेत का, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

‘पोरं पाहतात,’ मी म्हणालो.

‘बरं हाये.’ तिनं बोटावरची शाई फुंकली. ‘मी अंगणवाडीत मदतनीस हाये. पोरगी आश्रमशाळेत हाये माही. सायन्स घेतो म्हणते. घे म्हटलं.’

मागे रांग होती, ती सरकली. शेजारी बसलेल्या शिक्षकानं विचारलं, ‘काऊन सर, वळखीची हाये का बाई?’ ती मत देऊन निघाली होती, पण अजून दारातच होती, चप्पल घालत होती. मी म्हणालो, ‘नाई जी. अशीच बोलली.’

ती न वळता निघून गेली.

सत्काराचं सांगितलं, शाईचं सांगितलं, आता संपलं असं वाटलं होतं. पण वरचं सगळं परत वाचून काढलं, आणि एक दुरुस्ती केल्याशिवाय हे मिटवता येणार नाही. परीक्षेच्या दिवसाचं लिहिताना मी लिहिलं, की ही काय करते आहे, असं परीक्षकांनी मला विचारलं. इथंसुद्धा, कोणी ओळखत नसताना, मी स्वतःसाठी थोडी जागा करून घेतली. तेव्हा मला कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी मैनीला विचारलं होतं — ‘इथं काय करतेस?’ ती बोलायला तोंड उघडत होती. तिच्या आधी मी बोललो.

आणि ती काय बोलणार होती, तेही मला माहीत आहे. मीठ ज्योतीत धरायला प्लॅटिनमची तार लागते. त्या दिवशी आमच्या दोन टेबलांत मिळून तार एकच होती, आळीपाळीनं वापरायची — परीक्षकांनीच तसं सांगितलं होतं. हेही मी वर लिहिलं नाही. माझा पेपर देऊन बाहेर आलो, तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, ‘तार न्याले आली म्हणणार होती मी. कोणाचंच काई झालं नसतं.’

मी तिच्या बाजूनं जिना उतरून खाली आलो.